खाडीच्या मुखाचा नकाशा कोणत्या वर्षीचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळी मासेमारी बंदी उठली की खाडीच्या मुखाशी होड्या वाळूत रुतल्याच्या बातम्या येऊ लागतात, आणि तांडेलाचा, म्हणजे होडी हाकणाऱ्या प्रमुखाचा, हलगर्जीपणा किंवा जीपीएसची चूक एवढे म्हणून विषय मिटवला जातो. वास्तविक आकाश मोकळे असेल तर साधा मोबाइलसुद्धा होडीची जागा पाच-दहा मीटरच्या फरकाने दाखवतो. चुकतो तो त्या ठिपक्याखालचा नकाशा.

देहरादूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय जे अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशे काढते, त्यांत मोजणी किती भरवशाची आहे याची प्रतवारी नोंदवलेली असते. ‘ए-१’ प्रतीत जागेची चूक साधारण ५ मीटर धरतात. ‘बी’ प्रतीत ती ५० मीटर होते आणि ‘सी’ प्रतीत थेट ५०० मीटर. आपल्या कित्येक खाड्यांची होडी जाण्याजोगी वाट ५०० मीटर रुंदही नसते, म्हणजे ‘सी’ प्रतीच्या नकाशावर भर पाण्यातून जाणारी होडी प्रत्यक्षात वाळूच्या दांड्यावर असू शकते. पडद्यावरचे चित्र बोटांनी कितीही मोठे केले तरी मूळ मोजणी बारीक होत नाही. मोबाइलवरच्या फुकट ॲपमध्ये तर ही प्रतवारी सहसा दिसतच नाही.

त्यातून आपल्याकडचा पावसाळा. नदीचा गाळ आणि लाटांनी लोटलेली वाळू मिळून दरवर्षी मुखाची वाट सरकते. वादळात हर्णैच्या होड्या ज्या आंजर्ले खाडीत आसऱ्याला धावतात, तिचे मुख गाळाने भरत असल्याची तक्रार जुनीच आहे. आणि अशा वेळी उधाणलेल्या पाण्यात काठीने तळ चाचपत जाणे शक्य नसते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. तांडेल एकमेकांना व्हॉट्सॲपवर जागेचे आकडे पाठवतात. ३४ मिनिटे ३० सेकंद हा आकडा यंत्रात ३४.३० मिनिटे असा भरला, की अक्षांशाची जागा सुमारे ३७० मीटरने हलते, कारण ३० सेकंद म्हणजे अर्धे मिनिट, म्हणून खरा आकडा ३४.५० मिनिटे; फरक ०.२० मिनिटाचा, आणि अक्षांशाचे एक मिनिट १८५२ मीटरचे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षणात एवढे शिकवायला अर्धा तास पुरेल.

महाराष्ट्र सागरी मंडळाने निदान गजबजलेल्या खाड्यांच्या मुखांची खोली बंदी उठण्याआधी दरवर्षी मोजावी, वाट दाखवणारे तरंगते बोये त्यानुसार हलवावेत आणि मोजणीची तारीख घातलेला मराठी नकाशा बंदरावर व मच्छीमार सोसायट्यांत लावावा. समुद्र शांत झाल्यावर मोजू, असे उत्तर मिळण्याची शक्यता आहे. तसे असेल तर किमान पहिल्या उधाणाआधी ते काम व्हावे आणि तोवर जुन्या नकाशावर त्याचे साल ठळक छापावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी