मनूला घेऊन पुण्याला जातेय

प्रिय आई-बाबा,

समोर बसून सांगायला गेले की आईच्या डोळ्यांत पाणी येतं आणि बाबा पेपर उघडतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. ठरलंय आमचं. मनूच्या क्रिकेटसाठी जूनपासून मी आणि तुमची नात पुण्याला. शाळेची ॲडमिशन झाली, क्रिकेट अकॅडमीच्या जवळ फ्लॅट बघितला, डिपॉझिटही भरलं. प्रसाद सांगलीतच आहे, रोज संध्याकाळी ऑफिसवरून तुमच्याकडे येऊन मगच घरी जाईल.

बाबा, तुमचा मुद्दा माहितीये मला. स्मृती मानधना सांगलीतच घडली ना, मग हिला पुणं कशाला? खरंय, सिमेंटच्या विकेटवर खेळून ती नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या अंडर-१५ टीममध्ये गेली. पण तिचे वडील स्वतः खेळलेले, भाऊ क्रिकेट खेळायचा, त्याच्या मागे मागे ही ग्राउंडवर जायची. मनूला घरात बॉल टाकणारे तुम्ही एकटे, आणि तुमचा तो खांदा आता जपायचाय. ट्रायलला काय झालं बघितलंत ना, टर्फवर, म्हणजे मातीच्या विकेटवर बॉल खाली राहिला आणि ही मॅटवरच्या उसळीच्या सवयीने बॅकफूटवर गेली, एलबीडब्ल्यू आउट. तसल्या विकेटवर रोज खेळल्याशिवाय पाय पुढे कसा जाणार तिचा?

आणि खेळ चांगला असून भागत नाही, वेळही जुळावी लागते. मुंबईच्या स्पिनर शिवलकरांचं तर तुम्हीच सांगत आलात, फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट काढल्या पण त्याच काळात भारताकडे बेदी होते म्हणून एकही टेस्ट मिळाली नाही. मुंबईच्याच बॅट्समन अमोल मुझुमदारचं बघा. १९८८ मध्ये सचिन-कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप चालू असताना हा पोरगा पॅड बांधून बसलेला, पुढे रणजीच्या पहिल्याच मॅचमध्ये २६० मारले, फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर रन्स, तरी भारताकडून एकही मॅच नाही, कारण मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. प्रॅक्टिसमध्ये कुठे कमी पडला होता का तो? आणि मग २ नोव्हेंबर २०२५ ला डीवाय पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कोच तोच. त्या रात्री तुम्ही डोळे पुसत होतात, मी बघितलंय.

मी मनूएवढी असताना तुम्ही अंगणात किती बॉल टाकलेत मला, आई आतून ओरडायची भाजी करपली तरी बापलेकीला भान नाही म्हणून. पण तेव्हा मुलींचं क्रिकेट बीसीसीआयकडे नव्हतंच, ते २००६ मध्ये आलं. मॅच फी पुरुषांइतकी २०२२ ला झाली, मुलींची आयपीएलसारखी लीग, डब्ल्यूपीएल, २०२३ ला. मनू बरोबर वेळेला जन्मली बघा. ती कुठवर जाईल मला खरंच माहीत नाही, मधेच सोडलं तरी मी काही बोलणार नाही. पण चांगली विकेट आणि रोजचा सराव एवढं आत्ता देता येतंय तर द्यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. सचिनलाही घरच्यांनी शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवलंच होतं ना, प्रवासात वेळ जायला नको म्हणून. त्याच्या आईला काय सोपं गेलं असेल?

आई, तू रडू नकोस गं. फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, बाथरूममध्ये कमोड आहे आणि धरायला दांडा मी बसवून घेतेय, म्हणजे तुझ्या गुडघ्यांना त्रास नको. दिवाळीनंतर थंडीत दोघं माझ्याकडेच यायचं, यावर चर्चा नाही. मनू आत्ताच सांगून बसलीये की आजीशेजारी मीच झोपणार.

आता नीट ऐका. बीपीच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे भरून ठेवल्यात, संपल्या की प्रसादला सांगायचं, मेडिकलवाल्याकडे चालत जायचं नाही. बाबांनी स्टुलावर चढून माळ्यावरचं काहीही काढायचं नाही. मावशी आता दोन्ही वेळच्या पोळ्या करतील, पैसे मी बघते, तुम्ही त्यांच्याशी घासाघीस करू नका. आणि कोल्हापूरच्या आत्याला इतक्यात काही बोलू नका, मागच्या वेळेसारखं व्हायला नको, मीच फोन करेन.

गुरुवारी बाबांचा शुगरचा रिपोर्ट येईल. नॉर्मल आहे असं नुसतं तोंडी चालणार नाही, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका.

तुमची,
पिंकी