सुन्या, निम्मं भांडण मी हरलो

बेळगाव,
14 सप्टेंबर 2025

प्रिय सुन्या,

पत्रास कारण की, 17 वर्षांपूर्वी तुझ्याशी जे भांडलो त्यातलं निम्मं मी हरलोय. फोनवर हे धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

2008 आठव. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम 12 सप्टेंबरला आला आणि 14 ला अनंत चतुर्दशी. तू पुण्याहून उतरलास तो पेनड्राइव्ह खिशात घेऊनच. शहापुरातल्या दुकानात शटर अर्धं ओढून आपण तो लावला. बाहेर गल्लीचा गणपती निघायची गडबड, आत तू डोळे मिटून बसलेला. मी मात्र तिसऱ्या गाण्यापर्यंत तीनदा उठून केबल हलवून बघितली. आवाज फाटत होता. फाईल खराब आहे म्हटलं, विषय तिथं संपला. दिवाळीत ओरिजिनल सीडी आणली, तर तीही तशीच फाटकी! तू म्हणालास, गाणी ऐक की जरा. मी म्हणालो, आवाजच मेलाय तर गाणी घेऊन काय करू? तू उठून गेलास, आणि दोन महिने तुझा फोन नाही.

आवाजाबद्दल मी आजही माझं मत सोडत नाही. डॉल्बी लावताना मिक्सरवरचा लाल दिवा एकसारखा पेटून राहिला की काय होतं, तुला माहीत आहे. ठोक्याचं टोक कापलं जातं. हळू आवाज आणि मोठा आवाज एकाच उंचीला येतात आणि तासाभरात ऐकणाऱ्याचं डोकं उठतं. या अल्बमचं तेच केलं होतं. मास्टरिंग, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवण्याचं काम, करणारा टेड जेन्सेन स्वतः म्हणाला की माझ्याकडे आलं तेव्हाच ते चेपलेलं होतं. 'गिटार हिरो' या गेममध्ये तीच गाणी कमी चेपलेली होती, त्यामुळे लोकांच्या लक्षात आलं की मूळ रेकॉर्डिंग चांगलं आहे, नासाडी नंतर झाली. मिक्सिंग पुन्हा करा म्हणून 10,000 हून जास्त चाहत्यांनी सह्या केल्या. आणि तरी अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत जवळपास 4 लाख 90 हजार प्रती खपल्या. तू तेव्हा हा आकडा माझ्या तोंडावर मारलास आणि मी त्या सह्यांचा आकडा तुझ्या.

यंदाच्या विसर्जनाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. माझ्याकडे येळ्ळूरचं एक पोरगं आहे, 19 वर्षांचं, हाताला चांगलं. पण मिक्सरवरचे सगळे फेडर, आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या, वर ढकलायची खोड. चार वेळा सांगून झालं. शेवटी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि या अल्बमचं एक गाणं दोन्ही तऱ्हेचं उघडून दाखवलं. सीडीवरच्या आवाजाच्या लाटेचं चित्र म्हणजे तासलेला चिरा, वरून खालून सपाट. गेममधलं मात्र लोंब्या आलेल्या भातासारखं, उंचसखल. पोराला लगेच कळलं. मान हलवली आणि म्हणालं, "दादा, आता पहिल्यापासनं वाजवा की."

'द डे दॅट नेव्हर कम्स' होतं. जवळजवळ आठ मिनिटांचं. सुरुवातीची गिटार किती साधी आहे, एकेक तार सुटी ऐकू येते. अर्धं गाणं असं संथ जातं आणि मग गायक-गिटारवाला जेम्स हेटफिल्डचा उजवा हात सुटतो. प्रत्येक फटका खाली, एकही वर नाही, असं वाटावं इतका नेटका. दोन गिटारी एकमेकींच्या जोडीनं धावतात आणि दुसरा गिटारवाला कर्क, त्याचा सोलो सुरू होतो. पोरगं बेसच्या खोक्यावर तळहात ठेवून होतं, तो हात त्यानं गाणं संपेपर्यंत उचलला नाही. मग विचारलं, "हे वाजवलं तेव्हा ही माणसं केवढी होती?"

अल्बम आला तेव्हा जेम्स 45 चा होता, मी सांगितलं. आणि सांगताना गप्पच झालो. कारण मी आता 46 चा आहे.

सुन्या, 29 व्या वर्षी मला त्या गाण्यात फक्त कापलेली टोकं ऐकू आली. तुला काय ऐकू आलं होतं, ते मला परवा कळलं. 2001 ला बेसवाला जेसन बँड सोडून गेला. त्याच वर्षी जेम्स दारू सोडायला उपचार घेत होता. 2003 चा 'सेंट अँगर' आला तो एकही सोलो नसलेला, स्नेअर ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा. संपले, असं आपणच म्हणालो होतो, गोवावेसच्या चहाच्या गाड्यावर. त्यानंतर त्यांनी 1991 पासूनचा निर्माता बॉब रॉक बदलून रिक रूबिनला आणलं. त्यानं काय सांगितलं, तर 1986 च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बमच्या वेळी जसा विचार करत होता तसा करा, आणि गाणी बरीचशी बसवूनच स्टुडिओत या. जगभर स्टेडियम भरवणाऱ्या माणसांनी हे ऐकून घेतलं आणि पुन्हा तालमीला बसले! पाच वर्षं घेतली, पण सोलो परत आणले. नवा बेसवाला रॉबर्ट ट्रुहियोचा त्यांच्याबरोबरचा हा पहिलाच अल्बम. 1988 नंतर पहिल्यांदा बिनशब्दांचा तुकडा ठेवला, तोही दहा मिनिटांचा. अल्बमचं नाव सुचलं ते अकाली गेलेल्या गायक-वादकांवरून. 'अ‍ॅलिस इन चेन्स'चा गायक लेन स्टॅलीचा फोटो स्टुडिओत लावलेला होता. त्यांचा आधीचा बेसवाला क्लिफ तर 1986 लाच गेला. हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. पाठ असणं वेगळं. आता 25 किलोचं खोकं उचलून पाठ धरते, तेव्हा 45 व्या वर्षी तसा उजवा हात चालवायला काय लागत असेल ते माझ्या अंगाला कळतं.

2011 ला भाऊबीज आटोपून चन्नम्मा एक्सप्रेसनं आपण मेटालिकाला ऐकायला बेंगळुरूला गेलो. त्याच भाऊबीजेला त्यांचा गुडगावचा कार्यक्रम बारगळल्याचं कळलं होतं, आणि बेंगळुरूचा 30 तारखेचा तरी होतो की नाही म्हणून तू रात्रभर जागा. पॅलेस ग्राउंडवर तू पुढं गर्दीत घुसलास, मी मागं मिक्सरपाशी उभा राहिलो. तिथं प्रत्येक ठोका सुटा ऐकू येत होता. तेव्हाच तुला म्हणायला हवं होतं. 1 नोव्हेंबरला सकाळी बेळगावात उतरलो, काळ्या दिनाची फेरी होती म्हणून तू तसाच तिकडे गेलास, बोलायचं राहून गेलं.

विसर्जनाला पोरानं एकदाही लाल दिवा पेटू दिला नाही. पहाटे गाडी कपिलेश्वरच्या रस्त्याला उभी असताना माझ्याकडे सीडी मागितली. आतल्या पानांतून कापलेल्या त्या शवपेटीच्या खाचेत बोट घालून बघत बसला होता, अगदी तू बसायचास तसा. देऊन टाकली.

तेव्हा दिवाळीला येताना तुझी प्रत घेऊन ये. मिठाईचं काही आणू नकोस, कुंदा मी आणून ठेवतो. दुकानातले जुने स्पीकर अजून आहेत, शटर अर्धं ओढू.

काकूंना नमस्कार, वहिनींना विचारलं म्हणून सांग.

तुझा,
अव्या