जुने घड्याळ की नवे, हे ठरवण्याआधी झाकण उघडून पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वापरलेली भारी स्विस घड्याळे विकत घेण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. ही घड्याळे घेताना जुने घ्यावे की अलीकडचे, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतो. पुण्यात गेली पस्तीस वर्षे घड्याळदुरुस्ती करत असल्याने या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

गेल्या महिन्यात दुकानात आलेल्या एका तरुणाला बढती मिळाल्याच्या आनंदात ओमेगा या स्विस कंपनीचे स्पीडमास्टर नावाचे घड्याळ घ्यायचे होते. त्याच्यापुढे दोन पर्याय होते. एक घड्याळ १९७० च्या दशकातले, ८६१ क्रमांकाच्या मशीनचे. दुसरे २०२१ नंतरचे, ३८६१ क्रमांकाच्या मशीनचे. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच सांगितली गेली होती, त्यामुळे निर्णय अधिकच अवघड झाला होता. जुन्या घड्याळाच्या बाजूने विक्रेत्याने पुढे केलेले सर्वांत मोठे कारण म्हणजे चंद्र. त्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर, चंद्रावर घातले गेलेले हे पहिले घड्याळ, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कोरलेला होता. मजकूर खरा आहे, पण तो स्पीडमास्टर या जातीविषयी आहे, त्या एका घड्याळाविषयी नाही. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेले अंतराळवीर ऑल्ड्रिन यांच्या हातावर जे स्पीडमास्टर होते, त्यात ३२१ क्रमांकाचे मशीन होते. ८६१ हे मशीन १९६८ मध्ये त्याच्या जागी आले आणि झाकणावर तो मजकूर चांद्रमोहिमेनंतर कोरला जाऊ लागला. ८६१ हे उत्तम, दणकट मशीन आहे यात शंका नाही, परंतु चंद्राच्या नावाने वेगळे पैसे मोजण्याचे काही कारण नाही.

जुन्या घड्याळाचा खरा प्रश्न त्याच्या वयाचा नसतो. पन्नास वर्षांत त्यातले काय काय बदलले गेले, हे कळणे महत्त्वाचे असते. त्या काळच्या स्पीडमास्टरच्या डायलवर तळाशी ‘स्विस मेड’ या शब्दांच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असते. अंधारात चमकावेत म्हणून डायलवरच्या ठिपक्यांत भरलेल्या ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याची ती खूण आहे. ट्रिटियमचे तेज साधारण सव्वाबारा वर्षांत निम्मे होते, म्हणजे १९७० च्या दशकातली डायल आज अंधारात उजळायला नको. ती लख्ख चमकत असेल तर ठिपके नव्याने भरले आहेत किंवा डायलच बदलली आहे, असे समजावे. काच मूळची असेल तर तिच्या बरोबर मधोमध कंपनीचे चिन्ह असते; ते इतके बारीक असते की भिंगाशिवाय सहसा दिसत नाही. त्या काळच्या स्पीडमास्टरचा अनुक्रमांक तर केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचावर, नसतोच, तो आत मशीनवर असतो. म्हणून झाकण उघडल्याशिवाय आपण नेमके काय घेत आहोत, हे कळण्याचा मार्गच नाही. समोर बसून झाकण उघडून दाखवायला जो विक्रेता तयार नसतो, त्याच्याकडून जुने घड्याळ घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात जाणकारही फसतात. १९५७ चे एक स्पीडमास्टर नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातील लिलावात तीस लाखांहून अधिक स्विस फ्रँकला विकले गेले. ते खुद्द ओमेगानेच आपल्या संग्रहालयासाठी घेतले होते. वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून ते तयार केले असल्याचे २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले. जिथे कंपनीची फसगत झाली, तिथे पहिल्यांदाच असे घड्याळ घेणाऱ्याने केवळ फोटो पाहून भरवसा कसा ठेवावा?

या संदर्भात एक गोष्ट मनाला लागते. रंगवलेल्या डायलच्या जुन्या घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. आमच्या कारागिरांच्या हातात कसब आहे, आणि एके काळी गिऱ्हाईकच डायल नवीकोरी करून मागत असे, कारण वडिलांचे घड्याळ चकचकीत दिसावे एवढीच त्याची इच्छा असायची. त्यात लबाडी नव्हती. लबाडी सुरू झाली ती अशी डायल मूळची म्हणून विकली जाऊ लागली तेव्हा. डायल रंगवून घेतलेले घड्याळ तसे सांगून, त्या किमतीला विकले तर माझा काहीही आक्षेप नाही.

नव्या घड्याळाबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे आहे. ३८६१ मध्ये सिलिकॉनची हेअरस्प्रिंग (घड्याळाची चाल ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) असून ते १५,००० गॉसपर्यंतच्या (गॉस हे चुंबकीय शक्ती मोजण्याचे एकक) चुंबकीय क्षेत्रात टिकते. फोनचे स्पीकर आणि पर्सची चुंबकाची बटणे यांच्यामुळे पुढे धावू लागलेली जुनी घड्याळे माझ्याकडे सतत येत असल्याने या गुणाचे मोल मला चांगले ठाऊक आहे. वेळ लावताना त्याचा सेकंदकाटा थांबतो, जुन्याचा थांबत नाही. घेताना वॉरंटी कार्डावरचा क्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि पाच वर्षांच्या वॉरंटीतली किती उरली आहे तेही पाहावे. त्याची अडचण अशी की पुढे दुरुस्तीसाठी कंपनीच्या अधिकृत केंद्राशिवाय फारसा पर्याय नसतो. ८६१ मात्र कोणताही अनुभवी कारागीर उघडून, साफ करून, तेल घालून पूर्ववत करू शकतो. ज्यांना हे दोन्ही टोकांचे पर्याय नकोत, त्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०२० पर्यंत बनलेले १८६१ मशीनचे स्पीडमास्टर जरूर पाहावे.

तरीही ज्याच्याकडे एकच चांगले घड्याळ असणार आहे, जो ते रोज घालणार आहे, आपल्याकडच्या पावसात दुचाकीवरून फिरणार आहे, त्याने नवेच घ्यावे, असे मी त्या तरुणाला सांगितले. पन्नास वर्षांच्या केसमध्ये नवे वॉशर बसवले तरी मी त्या घड्याळाला पाण्याची हमी देत नाही. डायलखाली एकदा ओल शिरली की जे डाग पडतात ते कायमचे. जुने घड्याळ ज्याला मनापासून आवडते त्याने ते अवश्य घ्यावे, मात्र पावसाळ्यात घरी ठेवण्याची तयारी ठेवून.

आपल्या वृत्तपत्राद्वारे माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती करावीशी वाटते. घड्याळातून काढलेला प्रत्येक मूळ भाग, मग तो गंजलेला काटा असो की तडा गेलेली काच, पुडीत घालून गिऱ्हाइकाला परत द्यावा आणि काय काढले, काय बसवले, कोणत्या तारखेला, हे बिलावर लिहावे. मी गेली बारा वर्षे तसे करतो. त्या तरुणाला दाखवलेल्या जुन्या घड्याळासोबत असा एकही कागद नव्हता.

आपला नम्र,
एक घड्याळदुरुस्ती कारागीर, पुणे