खेळाच्या पेट्या कपाटाबाहेर याव्यात

माननीय संपादक महोदय,

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ‘खेळातून शिक्षण’ या विषयावरील प्रशिक्षणे, शिक्षण परिषदा आणि सूचनापत्रे यांची रीघ लागते. धोरण म्हणून या विषयाबद्दल आता कोणाचे दुमत उरलेले नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांनी कृती, शोध आणि अनुभव यांतून शिकावे असे म्हटले आहे आणि प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळसाहित्य मिळावे अशी तरतूद त्याच कायद्याच्या परिशिष्टात केली आहे. जुलै 2021 मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित करता यावे, हे उद्दिष्ट 2026-27 पर्यंत गाठायचे ठरले. त्याच सुमारास पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी तीन महिन्यांचा खेळाधारित ‘विद्याप्रवेश’ हा कार्यक्रम आला, तर फेब्रुवारी 2023 मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रपत्ते असलेला ‘जादुई पिटारा’ जाहीर झाला. इतके सगळे असूनही अनेक शाळांत खेळ दिसतो तो शनिवारी, नाहीतर पाहुणे येणार असतील त्या दिवशी. प्राथमिक शाळेत नोकरीचा सगळा काळ घालवलेली एक शिक्षिका या नात्याने याची कारणे मांडावीत, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुलांना खेळ आवडतो, म्हणून खेळातून शिकवावे, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. आवड हे खेळाचे भांडवल खरे, पण ते कशात गुंतवले जाते हे कोणी पाहत नाही. शब्दपट्ट्यांची संगीत खुर्ची हा प्रशिक्षणांत हमखास दाखवला जाणारा खेळ घ्या. खुर्च्यांवर शब्द ठेवलेले असतात, संगीत थांबले की बसायचे आणि शब्द वाचायचा, वाचता आला नाही तर बाद. वर्ग हसतो, फोटो उत्तम येतो. मात्र ज्या मुलीला वाचता येत नाही ती पहिल्याच फेरीत बाहेर पडून भिंतीशी बसते आणि ज्याला आधीपासून घडाघडा वाचता येते तो शेवटपर्यंत वाचत राहतो. सरावाची सर्वांत जास्त गरज असलेल्या मुलाला सर्वांत कमी सराव देणारा हा खेळ आहे. बाद होण्याचा नियम असलेले खेळ मैदानावर शोभतात, वाचनाच्या तासाला नाहीत.

खेळाची पारख करण्याची माझी कसोटी साधी आहे. आपला डाव आल्यावर मुलाला जे करावे लागते, तेच आपल्याला शिकवायचे आहे का? तसे असेल तर खेळ आणि अभ्यास एकच. नसेल तर खेळ हे केवळ वेष्टन. प्रश्नाचे उत्तर दिल्यावर बक्षीस म्हणून चेंडू टाकायला मिळणे, किंवा टॅबवर बरोबर पर्यायाला बोट लावले की चांदण्या उडणे, हे दुसऱ्या प्रकारात मोडते. चांदण्यांशी बेरजेचा काहीही संबंध नसतो.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण थोडे सविस्तर देते, कारण ते कोणत्याही शाळेत एका पैशाच्या खर्चाशिवाय करता येते. चार मुलांचा गट, दोन फासे, खराट्याच्या काड्यांचा ढीग आणि काही रबरबँड. फासे टाकायचे, बेरीज करायची, तेवढ्या काड्या उचलायच्या. हाताशी दहा सुट्या काड्या झाल्या की त्यांचा गठ्ठा बांधलाच पाहिजे, न बांधता पुढचा डाव घेता येत नाही. दहा गठ्ठे ज्याचे आधी होतील तो जिंकला. दुसरीच्या मुलांना हा खेळ आठवडाभरात अंगवळणी पडतो. मग तो उलटा करावा, आणि खरी गंमत इथे आहे. प्रत्येकाने शंभर काड्यांनी सुरुवात करायची आणि फाशावर पडेल तेवढ्या परत द्यायच्या. पहिल्याच डावाला सात पडतात आणि मुलाकडे सुटी काडी एकही नसते. तो इकडेतिकडे पाहतो, शेजाऱ्याकडे सुट्या काड्या मागतो आणि शेवटी स्वतःच गठ्ठ्याचे रबर काढतो. वजाबाकीत दशक सुटे करणे म्हणजे काय, हे फळ्यावर आडव्या रेघा मारून महिनाभर सांगितले तरी जे उमगत नाही, ते त्या एका क्षणी हाताला कळते. ‘शेजारच्या घरातून एक उसना घ्या’ हे वाक्य शिक्षकाला उच्चारावेही लागत नाही, आणि ते न उच्चारलेलेच बरे, कारण उसना घेतलेला कधी परत केला जात नाही हे मुलांच्या लक्षात आलेले असते.

मराठी मुलांना संख्यानामांची एक अडचण आहे. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना चार आधी लिहायचे असतात, त्यामुळे 74 लिहिले जाते. एकोणतीस ऐकून 39 लिहिणारी मुले तर प्रत्येक वर्गात असतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा राज्यभर वादाचा धुरळा उडाला. त्या वादात मी इथे शिरत नाही. मात्र संख्येचे नाव कानावर पडणे, तिचा आकडा डोळ्यांना दिसणे आणि तिच्याएवढ्या वस्तू हाताला लागणे या तिन्ही गोष्टी शेकडो वेळा एकत्र यायला हव्यात आणि इतकी आवर्तने कंटाळा न येऊ देता करून घेणारे साधन खेळाखेरीज दुसरे नाही. लग्नाकार्यात मोठी माणसे हौजी (तंबोला) खेळतात, तीच वर्गात आणावी. मात्र संख्या पुकारण्याचे काम शिक्षकाने न करता रोज वेगळ्या मुलाला द्यावे, कारण चिठ्ठीवरचा 59 वाचून एकोणसाठ म्हणणे हे कागदावर तो शोधण्यापेक्षा अवघड असते.

या सगळ्याला संशोधनाचा आधार आहे, पण तो नीट वाचायला हवा. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरीब घरांतील बालवाडीच्या मुलांना एका सरळ रेषेतील 1 ते 10 आकड्यांच्या पटावर पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकांत खेळवले. त्यांची संख्यांची समज लक्षणीय सुधारली. तशाच, पण आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत ती सुधारणा दिसली नाही. सोंगटी सरकवताना घरातला आकडा मोठ्याने म्हणावा लागत होता, फरक तिथे पडला. आपल्याकडे सापशिडी घरोघर खेळली जाते, पण मुले सोंगटी हलवताना ‘एक, दोन, तीन, चार’ अशी फाशाची मोजणी करतात. त्याऐवजी 36 वर असलेल्या मुलाने ‘सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस’ म्हणत पुढे जावे, एवढा एकच नियम बदलला तर तोच जुना पट गणिताचा होतो. (सापशिडीत ओळी एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून जातात, त्यामुळे दशकांची उभी रचना मुलांना दिसत नाही. म्हणून दुसरीसाठी सगळ्या ओळी डावीकडून सुरू होणारा पट शिक्षकांनीच पुठ्ठ्यावर आखलेला चांगला.)

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला आहे आणि प्रशिक्षणांत त्याचा उल्लेख माझ्या कानावर कधी आला नाही. दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या 214 बालवर्गांतील सुमारे दीड हजार मुलांबरोबर गणिती खेळांचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. खेळ खेळलेल्या मुलांची कमी-जास्त ओळखण्याची, आकार पारखण्याची जाण वाढली आणि ती वर्षभरानंतरही टिकून होती. परंतु तीच मुले पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात, म्हणजे आकडे आणि चिन्हे यांच्या गणितात, इतरांपुढे गेली नाहीत. याचा अर्थ खेळ निरुपयोगी आहेत असा कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. खेळातली जाण आपोआप वहीत उतरत नाही, तो पूल शिक्षकाला बांधावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. काड्यांचा डाव संपला की पाच मिनिटे वह्या उघडाव्यात आणि आत्ता झालेले शेवटचे तीन डाव आकड्यांत मांडावेत. 46 होते, 8 दिले, एक गठ्ठा सोडला, उरले 38. ‘आज शाळेत काय लिहिलं?’ असे संध्याकाळी विचारणाऱ्या पालकांनाही त्यामुळे उत्तर मिळते.

खेळ म्हणजे श्रीमंत शाळांचे चोचले, अशी एक समजूत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी केलेले काम ज्या महाराष्ट्रात झाले, तिथे तरी ही समजूत टिकायला नको होती. महागडी माँटेसरी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने उभी केली. उलट आजच्या द्विशिक्षकी शाळेला खेळाची गरज इतरांहून अधिक आहे. शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक, असा शिक्षण हक्क कायद्याचा निकष आहे आणि त्या दोघांनी पहिली ते चौथी किंवा पाचवी सांभाळायची असते. बाई पहिलीला मुळाक्षरे शिकवत असताना तिसरी-चौथीने काय करायचे? बहुतेक ठिकाणी उत्तर असते, ‘पाठ पाहून लिहा.’ त्या अर्ध्या तासात गुणाकाराचे पत्ते किंवा शब्दजोडीचे कोडे गटात खेळता येते. अट एवढीच की उत्तर पत्त्याच्या मागे छापलेले असावे, म्हणजे वाद मिटवायला बाईंना उठावे लागणार नाही.

आता प्रशासनाबद्दल, कारण माझ्या मते साहित्य कपाटात राहण्याचे सर्वांत मोठे कारण तिथे आहे. शाळेला आलेली खेळसाहित्याची पेटी जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ मालमत्तेच्या यादीत, चढते. तिच्यातले ठोकळे, फासे, पत्ते हे मुलांच्या हातात गेले की हरवणार, तुटणार, खिशातून घरी जाणार, हे उघड आहे. तपासणीत मात्र नोंदवहीतला आकडा आणि पेटीतला आकडा जुळावा लागतो आणि न जुळल्यास खुलासा मुख्याध्यापकाला द्यावा लागतो. अशा वेळी पेटीला कुलूप लावणारा मुख्याध्यापक आळशी नसतो, तो शहाणा असतो. वेष्टनही न निघालेली पेटी तपासणीत उत्तम गुण मिळवते आणि फासे हरवलेली, कडा झिजलेली पेटी शेरा मिळवते, ही व्यवस्थाच उलटी आहे. त्यातच कोणताही उपक्रम झाला की त्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याची सक्ती असल्याने शिक्षक ज्याचा फोटो चांगला येईल तो खेळ निवडतात. चार मुले माना खाली घालून काड्या मोजत आहेत, हे दृश्य कॅमेऱ्याला काहीच सांगत नाही.

शिक्षण विभागाकडे माझी विनंती आहे की पहिली ते तिसरीच्या वेळापत्रकात भाषा आणि गणिताच्या तासिकांमधील काही वेळ खेळासाठी उघडपणे राखून द्यावा, त्यासाठी वेगळा अहवाल आणि फोटो मागू नयेत आणि शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी भेटीच्या वेळी पेटी मोजण्याऐवजी एखाद्या गटाबरोबर खाली बसून एक डाव खेळावा. कोणत्या मुलाला दशक समजला आहे आणि कोणाला नाही, हे त्या दहा मिनिटांत त्यांना कळेल. फासे, पत्ते, ठोकळे, मणी अशा झिजणाऱ्या वस्तू जडसंग्रह नोंदवहीतून वगळून उपभोग्य साहित्यात धराव्यात. ते शक्य नसेल तर त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या नोंदवहीतून कमी करण्याचा, अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला द्यावा आणि हरवलेल्या फाशांसाठी शिक्षकाकडून खुलासा घेतला जाणार नाही, असे लेखी कळवावे. तोंडी आश्वासनावर कोणताही मुख्याध्यापक कुलूप उघडणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. कराड, जि. सातारा