बंड्याला पत्र : वरणाच्या पाण्यापासून भाकरीपर्यंत

बंड्या,

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर तुझा मेसेज आला होता, "शॉर्टकट मारलास लेका, आता आपोआप बारीक होशील." मी नुसता अंगठा टाकून गप्प बसलो. रागावलो नव्हतो रे, तेव्हा पोटावर पाच ठिकाणी पट्ट्या होत्या आणि हातात खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तसला छोटा कप, त्यातलं पाणी घोट घोट करून अर्ध्या तासात संपवायचं होतं आणि तेवढंच काम दिवसभर. आता आठवा आठवडा लागलाय, परवा दसरा. म्हटलं सविस्तर लिहावं, फोनवर तू मधेच बोलतोस.

झालं काय की जठराचा पाऊण हिस्सा, किंबहुना जास्तच, कापून काढला. राहिली ती केळ्याएवढी नळी. भूक लावणारा जो हार्मोन असतो, घ्रेलिन, तो मुख्यतः जिथे तयार होतो तो वरचा फुगीर भागच गेला, त्यामुळे सुरुवातीला भूक नावाची गोष्टच नाही. तुला माहितीय मी कोण होतो, रंकाळ्यावर दोन भेळ खाऊन परत घरी जेवायला बसणारा. आणि आता घड्याळ बघून जेवायचं, गोळी घेतल्यासारखं.

पातळाचे दोन आठवडे खरं सांगू का, सगळ्यात सोपे गेले. पहिले दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी. मग पातळ ताक, दुधात प्रोटीन पावडर, गाळलेलं सूप. आईला कोल्हापूरहून पुण्याला बोलवून घेतलं होतं, तिनं डाएटिशियन मॅडमना पहिलाच प्रश्न विचारला, अळणी चालेल का? त्यांना आधी अळणी म्हणजे मीठ नसलेलं असं वाटलं, मग आईनं समजावलं की मटण शिजवलेलं पाणी हो, तिखट घालायच्या आधीचं. त्या म्हणाल्या गाळून आणि चरबी काढून द्या. मग काय, आई रात्री अळणी फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी वर थर जमायचा तो चमच्यानं काढून टाकायची, आणि काढताना तिचा चेहरा असा की कुणीतरी तिचे दागिने काढून नेतंय. पण सोपं का गेलं, तर निवडायचं काहीच नव्हतं. समोर येईल ते प्यायचं, विषय संपला.

तिसऱ्या आठवड्यापासून मिक्सर. दुधी, लाल भोपळा, मुगाचं वरण, पनीर, सगळं फिरवून एकाच रंगाचं. त्यातच गणपती आले. घरात उकडीचे मोदक आणि मी भाच्याच्या छोट्या चमच्यानं पिवळा लगदा खातोय. आई म्हणाली नैवेद्याचा तरी घे. मी मोदकाची नुसती कळी तोडून जिभेवर ठेवली. असो.

पाचव्या आठवड्यात मऊ खाणं सुरू झालं आणि खरी परीक्षा तिथनं पुढे. पहिल्या दिवशी अर्धं अंडं, मऊ भुर्जी. माणूस अर्ध्या अंड्याला घाबरतो हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. एक घास, वीस-पंचवीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, थांबायचं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. मी घासागणिक पाणी पिणारा माणूस, हे तर पथ्याहून अवघड गेलं, आणि दिवसभरात दीड लिटर तर प्यायचंच, म्हणजे उरलेल्या वेळात सारखी बाटली तोंडाला. त्यात प्रोटीनचा हिशोब, दिवसाला किमान साठ ग्रॅम, आणि एका अंड्यात जेमतेम सहा. म्हणून ताटात आधी अंडं, पनीर, मासा, डाळ. भाजी मागून, भात जागा उरली तर, आणि ती उरत नाही.

मग सहाव्या आठवड्यात माती खाल्ली. काकांकडे म्हाळाचं जेवण होतं. मऊ खाण्याचा डबा बरोबर नेलेला, पण पंगतीत डबा काढायची लाज वाटली रे. काकूनं आमटी-पोळी वाढली, म्हटलं कुस्करून खाऊ, चार घास तर आहेत. गप्पा चाललेल्या, चावायचं भान नाही, दुसऱ्याच घासाला छातीच्या मधोमध काहीतरी अडकलं. दुखणं म्हणावं तर दुखणं नाही, मूठ दाबून धरल्यासारखं. तोंडात लाळ सुटली ती थांबेना, बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो आणि नुसता फेस. पाऊण तास. कुणीतरी म्हणालं पाणी पी म्हणजे खाली उतरेल, मी प्यायलो आणि आणखी वाढलं. बिचाऱ्या काकूला वाटलं आमटीत काही पडलं की काय. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ओरडले, पोळी नीट चावली नाही तर आत जाऊन कणकेचा गोळा होते, आणि तुमच्याकडे गोळ्याला जागा नाही. पुन्हा तीन दिवस पातळावर.

पण बंड्या, त्याहून मोठा धक्का नंतर बसला. एके संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे शेव-चिवडा खात होते, मी म्हटलं दोन दाणे घेऊन बघू. काही झालं नाही. अडकलं नाही, दुखलं नाही. वाटी कधी संपली कळलंच नाही. ज्या पोटात अर्धं अंडं मावत नाही त्यात वाटीभर शेव आरामात गेली! मॅडमना विचारलं तर म्हणाल्या असंच असतं, कुरकुरीत, गोड, तळलेलं, आइस्क्रीम, बिस्किट हे सगळं विरघळून सरसर उतरतं, कोंबडीचा तुकडा मात्र भांडतो. म्हणजे बघ, जे अडतं ते कामाचं आणि जे अडत नाही त्यानंच वजन परत येतं. त्या रात्री मला तुझा शॉर्टकट आठवला आणि तुला चार शिव्या घातल्या, मग म्हटलं जाऊ दे, त्याला काय माहीत. पोट डॉक्टरनं कापलं, हात तर तोच आहे ना.

बाकी बरं आहे. एकशे अठ्ठावीसचा एकशे बारावर आलो, शुगरची गोळी अर्धी झाली. कॅल्शियम, लोह, बी १२ वगैरे सुरू आहेच, आणि कॅल्शियम नि लोह एकत्र घ्यायचं नाही म्हणून मोबाईलवर गजर लावलेत. पुढच्या एक-दोन महिन्यांत केस गळतील असं आत्ताच सांगून ठेवलंय, तुझ्या टकलाला सोबत होईल. आणि एक गंमत, पोट भरलं की मला शिंक येते. खरंच, बऱ्याच जणांना येते म्हणे, कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक गळतं. आई आता समोर बसून माझी शिंक ऐकायला कान लावते आणि आली की लगेच ताट उचलते. जी बाई आयुष्यभर "एवढं तरी संपव" म्हणत आली ती आता माझं अर्धं ताट उचलून नेते आणि एक शब्द बोलत नाही. मला ते बघवत नाही कधी कधी.

काल पहिल्यांदा भाकरी खाल्ली. ज्वारीची, तळहाताच्या चौथाईएवढी, अळणीत भिजवून. पंचवीस मिनिटं लागली. आईनं टीव्ही बंद करून ठेवला होता, मॅचची शेवटची ओव्हर असताना. भाकरी उतरली, शिंक आली, आणि आईनं विचारलं, "मीठ बरोबर होतं का?"

दिवाळीला येशील तेव्हा चकल्या आणू नकोस, आणल्यास तर गाडीतच ठेव. पंगतीत माझ्या शेजारी बस आणि काकूनं वाढायला घेतलं की माझ्यातलं तू खा. ते तुला जमेल.

तुझाच,
बापू