म्युनिकच्या ताईंना, सांगलीकरांकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

माहेरी विश्रामबागला आलात की तुमची निम्मी सुट्टी आमच्या शंका फेडण्यात जाते. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गकडे भाड्याच्या गाडीनं फिरायचं आणि मागून येणाऱ्या मित्रमंडळींना म्युनिक विमानतळावरून घेऊन पुढं जायचं, असा बेत सांगली-मिरजेत हल्ली बरेच जण आखतात. त्या सगळ्यांकडे तुमचा हातानं लिहिलेला कागद फिरतोय. आभार नेमके कशाचे, ते चारचौघांत सांगावं म्हणून हे उघड पत्र.

वाहन चालवण्याच्या परवान्याचं तुम्ही अगदी वर लिहिलंत ते बरं केलंत. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओकडून मिळतो. अर्ज सारथी या सरकारी संकेतस्थळावर, नमुना ४-ए, फी १,००० रुपये, मुदत १ वर्ष. पण तो एकटा कामाचा नाही. इथल्या परवान्याचं मूळ कार्ड सोबत लागतंच. डिजिलॉकरमधला परवाना भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर चालत नाही. कार्डावर वडिलांचं नाव आहे आणि पासपोर्टवर नाही, असली तफावतही इथंच निस्तरून घ्यावी. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि ते कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं लागतं. मेहुण्याचं कार्ड पुढं केलं तर गाडी मिळत नाही.

तारखेचा मुद्दा मात्र आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नसता. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि त्याच दिवशी सकाळी तिथं उतरतात. तिकिटावर शनिवार, पहाटे १ असेल तर सांगलीतून शुक्रवारी दुपारच्या आतच निघायला हवं. इकडचे म्हणतात ‘शुक्रवारी रात्री निघतोय’, काही जण ‘शनिवारी रात्रीचं विमान’ म्हणतात, आणि तिकडं थांबलेला माणूस रविवार धरून बसतो. तुमचा उपाय साधा: फक्त उतरण्याची तारीख आणि तिथली वेळ कळवायची, बाकी काही नाही. दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो बदलतो.

साल्झबर्ग ते विमानतळ साधारण पावणेदोनशे किलोमीटर. आधी ए-८ महामार्ग, मग म्युनिक शहराला वळसा घालणारा ए-९९, थोडा ए-९ आणि शेवटी ए-९२. नकाशा दोन तास दाखवतो, तुम्ही तीन धरायला सांगता. जर्मनीत शिरताना तपासणी असते, म्हणून पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत नकोत. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी ए-८ तुंबतोच. जर्मनीत मोटारींना टोल नाही. ऑस्ट्रियात विन्येट, म्हणजे महामार्गाच्या टोलचा पास, लागतं, पण सीमेपासून साल्झबर्ग नॉर्ड या फाट्यापर्यंतचा तुकडा त्यातून वगळलाय. पुढं गेलात तर घ्यावंच लागतं.

उजव्या बाजूनं चालवण्याबद्दल तुम्ही लिहिलेलं तर चौकटीत घालून लावावं असं आहे. चूक महामार्गावर होत नाही. ती पेट्रोल पंपातून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना होते. रस्ता रिकामा असतो, जिच्या मागोमाग जावं अशी गाडी पुढं नसते, आणि हात सवयीनं डावीकडे वळवतो. इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर फिरतो, कारण दांड्या आपल्या गाड्यांच्या उलट. ऑटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गावर, उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही. हे आपल्याला सगळ्यात जड जातं. वाहतूक मुंगीच्या पावलानं चालू लागली की डावी रांग डावीकडे, बाकीच्या उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेला वाट ठेवायची. ती सायरन ऐकल्यावर नव्हे, आधीच. नाही ठेवली तर दंड २०० युरोंपासून पुढं. पंपावर नळीच्या रंगावर जाऊ नका, टाकीच्या झाकणावरची खूण बघा, हे तुमचं वाक्यही लक्षात राहिलं: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन.

विमान टेकलं म्हणजे माणसं बाहेर आली असं नाही. बाहेरच्या देशांतून येणारे टर्मिनल २ च्या सॅटेलाइट इमारतीत उतरले तर आधी भुयारी गाडीनं मुख्य इमारतीत येतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, पहिल्यांदा शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेणं सुरू झालंय. त्यात बॅगा. म्हणून तास-दीड तास धरायचा, वाटेतल्या विश्रांतीस्थळावर थांबायचं आणि बॅगा हातात आल्याचा निरोप मिळाला की पार्किंगमध्ये शिरायचं.

बॅगांवरून आठवलं. चार माणसं आणि २३ किलोच्या चार मोठ्या बॅगा पाच आसनी गाडीत मावत नाहीत; आसनं मोजून गाडी ठरवणाऱ्यांसाठी तुम्ही ही ओळ लाल शाईनं लिहिलीत. आत काय भरायचं तेही. तूप, खवा, पनीर नेता येत नाही. कंदी पेढे खव्याचेच, तेव्हा तो मोह नको. तासगावची द्राक्षं नकोत, बेदाणे चालतात. नारळ चालतो, हळद चालते, भडंगाला कुणाची हरकत नाही.

एक विनंती. हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यावर तिथं हिवाळी टायर सक्तीचे असतात, एवढंच आम्हाला ठाऊक आहे. काच खरवडणं, पहाटेचा निसरडा रस्ता, साखळ्या कुठं लागतात, याचं एक पान पुढच्या खेपेला लिहून द्या. डिसेंबरात जाणारी मंडळी आत्तापासूनच विचारू लागलीत.

आपली,
सांगली-मिरजेची प्रवासी मंडळी