रविवारी नव्या रुग्णांना भेटायचं आहे

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी १० वाजता, चोपड्यात नेहमीच्या जागी. टीबीचं औषध नुकतंच सुरू झालेले काहीजण घरच्यांसह येणार आहेत. ज्यांचा ६ महिन्यांचा कोर्स पुरा झाला, त्यांनी जरूर या.

लघवी केशरी झाली की माणूस हादरतो. ‘माझीही व्हायची, रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे होते,’ हे तुमच्या तोंडून ऐकलं की धीर येतो. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो आणि तिथंच अनेकांच्या गोळ्या सुटतात. तुम्ही कसं निभावलं ते सांगा. अहिराणीत बोललात तर उत्तमच. भाषण नको (आपले काहीजण माइक सोडत नाहीत!). डोस कुणी सुचवू नये, ते डॉक्टरांचं काम. कुणाचे डोळे पिवळे दिसले तर लगेच दवाखान्यात पाठवा.

निक्षय पोषण या टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेचे महिना १,००० रुपये ज्यांना मिळत नाहीत, त्यांना पासबुक आणायला सांगा.